रोल नंबर सरकले, गैरहजेरी जागेवरच राहिली

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातलं एक विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालय. विद्यापीठाशी संलग्न, स्वायत्त नाही. मी तिथे संगणक विभागात शिकवत होतो, आणि ‘तुम्हाला त्यातलं कळतं’ एवढ्या एका पात्रतेवर कॉलेजच्या हजेरीच्या सॉफ्टवेअरची जबाबदारी माझ्याकडे आली होती. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत.

हे सॉफ्टवेअर २०१० साली आमच्याच एका प्राध्यापकांनी शेवटच्या वर्षाच्या तीन मुलांना हाताशी धरून लिहिलं. बी.ई.चा प्रोजेक्टही झाला आणि कॉलेजचं कामही झालं. मुलं पास होऊन पुण्याला नोकरीला लागली, सर दोन वर्षांनी दुसऱ्या कॉलेजात गेले, सॉफ्टवेअर मागे राहिलं. त्यावर मग फीची पावती चढली, बोनाफाईड चढलं, ग्रंथालयाचं नो ड्यूज चढलं. जुन्या घराला दर पिढीने एकेक पडवी काढावी तसं.

सगळं पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेच्या ५ व्या आवृत्तीत. डिसेंबर २०१५ मध्ये पीएचपी ७ आलं तेव्हा मायएसक्यूएल या डेटाबेसशी बोलणारी जुनी फंक्शन्स त्यातून काढून टाकली गेली, आणि आमच्या कोडमध्ये पानोपानी तीच फंक्शन्स होती. त्यामुळे वर सरकता येईना. ५.६ या आवृत्तीला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं ३१ डिसेंबर २०१८ ला थांबलं. आमचा सर्व्हर त्यानंतरही तळमजल्यावरच्या खोलीत घरघरत होता, आणि ‘चालतंय ना?’ या प्रश्नाचं उत्तर दर वर्षी ‘हो’ असंच यायचं.

पण ही म्हातारी आवृत्ती आमचं खरं कर्ज नव्हतं. खरं कर्ज डेटाबेसच्या एका रकान्यात होतं. हजेरीची प्रत्येक नोंद विद्यार्थ्याच्या नावावर पडत नव्हती, तुकडी आणि रोल नंबर यांच्या जोडीवर पडत होती.

आज हे ऐकून कोणताही संगणकाचा विद्यार्थी कपाळाला हात लावेल. २०१० मध्ये मात्र त्याला कारण होतं. कायमचा ओळखक्रमांक म्हणजे विद्यापीठाचा पी.आर.एन., आणि तो पात्रतेची कागदपत्रं विद्यापीठात जाऊन मंजूर झाल्यावर येतो. त्यात महिने जातात. हजेरी तर पहिल्या तासापासून घ्यायची असते. म्हणून सरांनी तात्पुरता रोल नंबर धरला. कोडमध्ये त्यांची टीपही होती, की पी.आर.एन. आले की हे बदलायचं. टीप बारा वर्षं तशीच राहिली.

अमेरिकन प्रोग्रामर वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९२ मध्ये सॉफ्टवेअरला कर्जाची उपमा दिली, तेव्हा त्यांचं म्हणणं असंच होतं. थोडं कर्ज काढून काम लवकर उभं करायला हरकत नाही, मात्र ते वेळेत फेडलं पाहिजे. सरांचं कर्ज काढणं चुकलं नव्हतं. त्या कर्जाचं व्याज दर वर्षी कोण भरतंय, हे मात्र बारा वर्षांत कोणी पाहिलं नव्हतं.

व्याज कोण भरत होतं

अभियांत्रिकीत दुसऱ्या वर्षाला डिप्लोमा करून आलेली मुलं थेट प्रवेश घेतात. त्यांच्या प्रवेशफेऱ्या लांबतात, आणि अनेकदा वर्ग सुरू होऊन महिना उलटल्यावर ती येऊन बसतात. साठच्या तुकडीत सहा-सात जण वाढतात. आमच्याकडे पद्धत अशी, की ही मुलं आली की रोल लिस्ट आडनावाप्रमाणे नव्याने लागते. मग इंग्रजी ए-बीने सुरू होणारी आडनावं जागच्या जागी राहतात, पाटील, शिंदे, वाघमारे पाच-सहा घरं खाली सरकतात.

सॉफ्टवेअरला हे सरकणं कळत नव्हतं. पहिल्या सहा आठवड्यांत ५२ नंबरवर पडलेली गैरहजेरी ५२ वरच राहायची, मग तो नंबर नंतर कोणाचाही असो.

तरी बारा वर्षं कुठे बोंब झाली नाही, कारण संगणक कक्षात एक काका होते. नवी रोल लिस्ट लागली की ते संध्याकाळी थांबत, स्वतः तयार केलेली एक फाइल चालवत आणि जुन्या नोंदी नव्या नंबरांवर हलवत. ही फाइल त्यांच्या डेस्कटॉपवर होती. नाव होतं ‘रोल चेंज फायनल नवीन २’. त्यांच्या कामाच्या यादीत हे काम लिहिलेलंच नव्हतं. २०२२ च्या मे अखेरीस काका निवृत्त झाले. शाल-श्रीफळ झालं, छान भाषणं झाली. त्यात या फाइलचा उल्लेख कोण करणार?

अडचण

त्याच वर्षी नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या, पुढच्या फेरीची तयारी सुरू होती. संस्थेचे विश्वस्त एका परिषदेहून आले ते ‘ॲनालिटिक्स’ हा शब्द घेऊनच. कोणता विद्यार्थी मागे पडणार, कोण कॉलेज सोडणार, हे आधीच सांगणारा डॅशबोर्ड हवा. प्राचार्यांनी मला बोलावलं आणि विचारलं, “सर, दिवाळीआधी होईल?”

मी हो म्हणालो. हा पहिला निर्णयबिंदू, आणि तो माझा होता.

सहा आठवड्यांत आम्ही डॅशबोर्ड उभा केला. हजेरी, इन-सेमचे (सत्राच्या मधल्या परीक्षेचे) गुण, राहिलेल्या केटी (नापास विषय) आणि थकलेली फी या चार गोष्टींवरून प्रत्येक मुलाला लाल, पिवळा किंवा हिरवा रंग मिळायचा. मागच्या चार वर्षांच्या नोंदींवर तपासून पाहिलं, तर निकाल फारच सुरेख आले. ज्यांना वायडी लागला, म्हणजे वर्ष वाया गेलं, जे सोडून गेले, त्यातले बहुतेक लाल. मी स्वतःवर खूश होतो. त्या चार वर्षांच्या नोंदी काकांनी दर वर्षी हाताने दुरुस्त केलेल्या होत्या, हे मला ठाऊक नव्हतं. आम्ही तपासलं ते काकांचं काम होतं, आणि पाठ थोपटून घेतली ती आमच्या सूत्राची.

आधी डिफॉल्टर लिस्ट, म्हणजे कमी हजेरीवाल्यांची यादी, महिन्यातून एकदा लागायची. ती वर्गशिक्षकाच्या हातात जायची, तो कागदी मस्टरशी ताडून पाहायचा, पेनाने चार नावं खोडायचा. आम्ही ही पायरी ‘विलंब’ म्हणून काढून टाकली. लाल रंग लागला की जीएफएमला (मुलांच्या गटाच्या पालक-शिक्षकाला) सूचना आणि पालकांना थेट एसएमएस.

ऑक्टोबरच्या शेवटी दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीचे वडील कॉलेजात आले. दोन एसटी बदलून, हातातलं शेतातलं काम टाकून. मुलगी शेजारी मान खाली घालून उभी. एसएमएसमध्ये हजेरी ४६ टक्के. वडील शांतपणे एवढंच विचारत होते, “मॅडम, मग ही रोज कुठं जाते?”

जीएफएम मॅडमनी मस्टर काढलं. ८८ टक्के.

मुलीचा नंबर आधी ४७ होता, यादी नुकतीच नव्याने लागली तेव्हा ५२ झाला. जुन्या ५२ वरचा मुलगा सुरुवातीला आला, मग फिरकलाच नव्हता. पहिल्या सहा आठवड्यांतली त्याची गैरहजेरी हिच्या नावावर जमा झाली होती. तो मुलगा सरकून ५७ वर गेला, आणि जुन्या ५७ वरच्या नियमित मुलाची हजेरी त्याला मिळाली. डॅशबोर्डवर तो पिवळासुद्धा नव्हता. ज्याच्यासाठी ही सगळी यंत्रणा उभी केली, तो यादीत हिरवा होता आणि प्रत्यक्षात गावी जाऊन कामाला लागला होता. त्याला कोणीच फोन केला नव्हता.

पर्याय

त्याच संध्याकाळी प्राचार्यांच्या केबिनमध्ये बैठक बसली. पहिला प्रश्न होता, बंद करायचं की चालू ठेवून दुरुस्त करायचं? नॅकचा अहवाल अर्धा लिहून झाला होता आणि त्यात डॅशबोर्डचे फोटो होते. शेवटी तडजोड झाली: एसएमएस त्याच क्षणी बंद, पडदा कॉलेजच्या आत चालू. मला तेव्हा ही तडजोड शहाणपणाची वाटली. आज वाटत नाही. चुकीचा रंग आत दिसत राहिला, आणि शिक्षक तो बघतच राहिले.

पुढचे काही आठवडे मोठ्या प्रश्नावर गेले. तयार ईआरपी (सगळा कारभार एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) विकत घ्यावी, असा विश्वस्तांचा कल होता. कंपनीचं सादरीकरण देखणं होतं. मी एकच विचारलं, जुन्या वर्षांच्या नोंदींचं काय? उत्तर आलं, “तुम्ही आमच्या एक्सेलच्या साच्यात भरून द्या, आम्ही चढवू.” म्हणजे कोणती नोंद कोणाची, हे शोधायचं काम आमचंच राहणार होतं. घर बदलून गळकी पिंपं तशीच नव्या घरात नेण्यासारखं.

सगळं नव्याने लिहायचं, असा माझा स्वतःचा मोह होता. प्रोग्रामरला दुसऱ्याचं कोड नेहमीच पाडण्याजोगं दिसतं. पण लिहिणार कोण? मी आणि शेवटच्या वर्षाची तीन मुलं. २०१० ची हुबेहूब पुनरावृत्ती. हे एका सहकारी मॅडमनी हसत हसत लक्षात आणून दिलं, तेव्हा मी गप्प बसलो. सरळ कागदावर परत जायचं, हाही पर्याय दोन ज्येष्ठ प्राध्यापकांनी मांडला. आम्ही तो हसण्यावारी नेला. खरं तर त्या आठवड्यात कॉलेजातली एकमेव बरोबर हजेरी कागदावरच होती.

उरला तो कंटाळवाणा मार्ग: चालतं सॉफ्टवेअर न थांबवता खालून एकेक वीट बदलायची.

काय केलं

पहिली वीट म्हणजे ओळखक्रमांक. पी.आर.एन. उशिरा येतो ही अडचण २०२२ मध्येही तशीच होती. मी स्वतःचा नवा क्रमांक तयार करण्याच्या बेतात होतो. त्यासाठी प्रवेशाच्या कागदांचा क्रम विचारायला विद्यार्थी विभागात गेलो, तर तिथल्या क्लार्क मॅडम म्हणाल्या, “सर, जी.आर. नंबर असतो की आमच्याकडे. प्रवेश झाला त्याच दिवशी पडतो.”

जनरल रजिस्टर. लाल कापडी पुठ्ठ्याचं, दोन हातांनी उचलावं लागणारं. दाखल्यावर जो क्रमांक छापून येतो तो. कॉलेज सुरू झाल्यापासून प्रत्येक मुलाला पहिल्या दिवशी एक कायमचा, न बदलणारा, पुन्हा कोणाला न दिला जाणारा क्रमांक मिळत होता. बारा वर्षांत एकाही संगणकवाल्याने जिना उतरून विचारलं नव्हतं.

मग रोल नंबरसाठी वेगळा तक्ता केला: कोणत्या जी.आर. नंबरकडे कोणता रोल नंबर कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत होता. आता यादी कितीही वेळा सरकली तरी नोंद माणसाच्या मागे जाते. ऐकायला सोपं आहे. मागच्या नोंदी जुळवताना जीव गेला. विद्यापीठाचे निकाल पीडीएफ लेजरमध्ये येतात, त्यात बैठक क्रमांक असतो, आणि तो दर परीक्षेला बदलतो. नावावरून जुळवावं तर कुठे आडनाव आधी, कुठे शेवटी, कुठे वडिलांचं नाव गायब. आम्ही मागची दोन वर्षं जुळवली आणि त्याआधीची सोडून दिली. हा निर्णय घेताना वाईट वाटलं, पण दहा वर्षांपूर्वी पास झालेल्या मुलाची हजेरी आता कोणाला हवी होती?

दुसरी वीट हजेरीच्या टक्क्याची. शोधलं तेव्हा हे टक्के तीन ठिकाणी तीन पद्धतींनी काढले जात होते. हजेरीच्या पानावर प्रत्यक्ष झालेल्या तासांनी भागून, डिफॉल्टर लिस्टमध्ये ठरलेल्या तासांनी, आणि आयक्यूएसीच्या (कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाच्या) एक्सेलमध्ये सत्र सुरू झाल्यापासूनच्या तासांनी. शेवटच्या पद्धतीत उशिरा प्रवेश मिळालेला प्रत्येक मुलगा जन्मतःच गैरहजर. प्रवेशफेरी लांबली ती त्याच्यामुळे का? आणि एनएसएसच्या शिबिराला किंवा विद्यापीठाच्या सामन्यांना गेलेल्याला हजर धरायचं की नाही, याचंही प्रत्येक विभागाचं उत्तर वेगळं. मी हे कोडमधला घोळ समजून सोडवायला बसलो होतो. दोन दिवसांनी कळलं, की हा घोळ कोडमधला नाहीच. कॉलेजने याबाबत कधी ठरवलंच नव्हतं. प्राचार्यांनी विभागप्रमुखांची बैठक घेतली आणि एक पानी नियम झाला: प्रवेशाच्या तारखेपासून, प्रत्यक्ष झालेल्या तासांवर, ड्यूटी लीव्ह वेगळ्या रकान्यात. त्यानंतरचं कोड एका दुपारचं काम होतं.

सगळ्यात जास्त वाद फीवर झाला. थकलेली फी हा डॅशबोर्डचा चौथा घटक होता, आणि लेखा विभागाला तो हवाच होता. आम्ही लाल यादी पुन्हा वाचली. अभ्यासात ठीक असलेल्या मुलांपैकी जी केवळ फीमुळे लाल झाली होती, ती बहुतेक शिष्यवृत्तीवरची होती. त्यांची फी महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्तीच्या पोर्टलवरून यायची असते आणि ती उशिरा येते. मुलाच्या खात्यावर थकबाकी दिसते, त्यात त्याचा काडीचा दोष नसतो. म्हणजे सरकारी रकमेच्या उशिरामुळे मागास प्रवर्गातली मुलं आमच्या पडद्यावर ‘धोक्यात’ ठरत होती. मी हा घटक काढून टाकला. लेखापाल माझ्याशी बरेच दिवस नीट बोलत नव्हते.

पीएचपीचं काय केलं, हे थोडक्यात. पुन्हा लिहिलं नाही. जुनी फंक्शन्स नव्यांनी बदलली, नव्या आवृत्तीवर चालवून पाहिलं, जुनं यंत्र इंटरनेटवरून काढून फक्त कॉलेजच्या आतल्या जाळ्यात ठेवलं. एका सत्रभर जुनी आणि नवी पद्धत शेजारी शेजारी चालवली. दर शनिवारी दोन्हींच्या टक्क्यांत जिथे फरक दिसेल ती नावं काढून मस्टरशी ताडायची. पहिल्या शनिवारी यादी दोन पानं होती. सत्र संपताना तीन नावं उरली, आणि त्या तिघांच्या बाबतीत मस्टरच चुकलेलं निघालं.

एक लांब वहीही घातली. डाव्या बाजूला शॉर्टकट, मधे त्याचं व्याज सध्या कोण भरतंय, उजवीकडे कधी फेडायचं. मधला रकाना सर्वांत उपयोगी ठरला. तो भरायला प्रत्येक टेबलापाशी जाऊन ‘तुम्ही असं कोणतं काम करता जे कोणी सांगितलेलं नाही?’ असं विचारावं लागलं. उत्तरांनी वहीची अकरा पानं भरली. त्यातलं एक कर्ज आम्ही ठरवून फेडलं नाही: बोनाफाईडवरची मराठी नावं अजूनही जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये आहेत. जो दाखला मागेल त्याचं नाव तेवढं नव्याने टाइप होतं.

निष्पत्ती

लाल यादी लहान झाली. यंत्र ती आता पालकांना पाठवत नाही. आठवड्यातून एकदा जीएफएमच्या टेबलावर छापून जाते, आणि मुलाशी बोलल्याशिवाय घरी फोन जात नाही. सूत्रही साधं केलं: दोन आठवड्यांत हजेरी अचानक घसरली, किंवा इन-सेम बुडवली, तर नाव येतं. ‘भाकीत’ हा शब्द आम्ही वापरायचं सोडलं.

नॅकच्या अहवालात मात्र ‘डॅशबोर्डमुळे गळती कमी झाली’ असं एक वाक्य हवं होतं. त्या वर्षी गळतीचा आकडा खरंच थोडा खाली आला होता. मी वाक्याला विरोध केला. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या ‘कोर्स सिग्नल्स’चं उदाहरण मला तेव्हा आठवलं. तिथेही लाल-पिवळा-हिरवा होता, आणि सिग्नल्स असलेले दोन किंवा अधिक कोर्स घेतलेले विद्यार्थी जास्त टिकतात, असा गाजावाजा झाला होता. २०१३ मध्ये शैक्षणिक तंत्रज्ञानावर लिहिणारे माइक कॉलफील्ड यांनी साधा प्रश्न विचारला: जो टिकतो तोच जास्त कोर्स घेऊ शकतो ना? मग कशामुळे काय घडलं? आमच्याकडे तर तेवढीही आकडेवारी नव्हती. बरीच घासाघीस होऊन वाक्य ‘हजेरीच्या नोंदी अधिक अचूक झाल्या’ असं उरलं.

सगळंच जमलं असंही नाही. काही शिक्षक आठवड्याची हजेरी शनिवारी एकदम भरतात, तीही आठवणीने. दोन आठवड्यांची घसरण मोजणाऱ्या सूत्राला त्याचा काय उपयोग? हे कर्ज वहीत आहे, फेडायची तारीख तीनदा पुढे गेली आहे.

पुन्हा करायचं तर

दिवाळीची तारीख मी मान्य करायला नको होती. आधी एक महिना नुसता फिरण्यात घालवायला हवा होता: मस्टर कोण भरतं, यादी कोण खोडतं, निवृत्त होणाऱ्या माणसाच्या डेस्कटॉपवर काय आहे. काकांना नंतर फोन केला तेव्हा ते म्हणाले, “मला वाटलं तुम्ही नवीन केलंय म्हटल्यावर त्यात ते आलंच असेल.” चूक कोणाची, हे मी त्यांना सांगितलं. त्यांना ते पटलं असावं असं वाटत नाही, कारण पुढच्याच आठवड्यात ते कॉलेजात येऊन मला फाइल कशी चालते ते दाखवून गेले.

आणि दुरुस्तीचा एसएमएस. चुकीचा संदेश किती घरांत गेला हे दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. पण ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, नियमानुसार संस्थेच्या नावाने जाणाऱ्या प्रत्येक एसएमएसचा मजकूर आधी डीएलटी या नोंदणी-यंत्रणेवर नोंदवून मंजूर करून घ्यावा लागतो. ‘तुमचा पाल्य नापास होण्याच्या धोक्यात आहे’ याचा साचा आमच्याकडे मंजूर होता. ‘आमची चूक झाली’ याचा नव्हता. तो नोंदवण्यात दिवस गेले, आणि गेला तोही इंग्रजीत. फोन करता आले असते. पन्नास-साठ घरं, चार शिक्षक, एक दुपार. आम्ही साचा मंजूर होण्याची वाट बघत बसलो.

ती मुलगी पुढे शेवटच्या वर्षाला गेली. दर वर्षीप्रमाणे संपर्काचा फॉर्म तिने भरून दिला, आणि डेटा तपासताना तो माझ्यासमोर आला. पालकांच्या मोबाइलच्या रकान्यात वडिलांचा नंबर नव्हता. तिथे तिने मामांचा दिला होता.